काकूंच्या वजनाचा हुक

गाडी शिकवताना तात्या रस्त्याकडे फारसं बघत नसत. शिकणाऱ्याच्या पायांकडेही नाही. शेजारच्या सीटवर मान सैल सोडून बसत आणि मान हलली की बोलत. मान पुढे गेली तर ब्रेक चुकला, मागे गेली तर क्लच. आवाज कधी चढत नसे. "आता बसला तो दनका कुनाचा?" एवढंच विचारत. आपलाच, हे शिकणाऱ्याने कबूल करायचं आणि गाडी पुन्हा पहिल्या गिअरमध्ये घ्यायची.

त्यांचं नाव रघुनाथराव. बारामतीत भिगवण रस्त्याच्या आत एका गाळ्यात त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, दारात शिकवणीची छोटी मोटार आणि तिच्यामागे त्यांची स्वतःची जुनी जीप. मी एका दैनिकात नवा बातमीदार होतो तेव्हा त्यांच्याकडे गाडी शिकलो. पुढे त्यांच्याच गल्लीत भाड्याने राहायला गेलो. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. "पेपरवाले" म्हणत.

पहिल्या दिवशी ते कुणाच्याही हाती स्टिअरिंग देत नसत. नवा माणूस मागच्या सीटवर बसायचा आणि तात्या त्याला नीरेच्या रस्त्याने हिंडवून आणायचे. पैसे भरून मागे का बसायचं, असं एका कापडदुकानदाराने त्यांना विचारलं होतं.

"आधी बसायला शिका," तात्या म्हणाले. "मागं बसलेल्याला गाडी कधी निघाली ते कळलं न्हाय पायजे. ते तुमाला म्हाईत नसंल, तर तुमी चालवनार काय?"

क्लचबद्दलचं त्यांचं वाक्य त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असे. "क्लच सोडायचा न्हाय, परत द्यायचा. शेजाऱ्याची काचेची बरणी परत देतो तसा." हॉर्नला त्यांचा विरोध होता. सीटबेल्ट, इंडिकेटर, पांढरी रेघ यांच्याबाबत ते कुणालाही सूट देत नसत. रिकाम्या रस्त्यावर वळतानाही इंडिकेटर देत. कुणासाठी देताय, असं विचारलं तर "रस्त्यासाठी" म्हणत.

गाडीत बसणाऱ्या दणक्यांची त्यांनी तीन नावं केली होती. खड्ड्यामुळे बसतो तो धक्का. त्याला रस्ता जबाबदार. ड्रायव्हर देतो तो हिसका. त्याला शिकवणारा जबाबदार. आणि दोन गाड्या एकमेकींना जोडल्या की जोडणीच्या ढिलाईतून बसतो तो गचका. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर समोरून गेला की ते बोट दाखवत. ट्रॅक्टर निघतो, मग पहिली ट्रॉली, मग दुसरी, आणि प्रत्येक वेळी खाडकन लोखंड वाजतं. "तो गचका. त्याला कुनीच जबाबदार न्हाय. म्हनून तो कुनी काढत न्हाय."

लायसन्सच्या परीक्षेआधी त्यांची स्वतःची एक परीक्षा असे. ती त्यांची बायको, शालनकाकू, घेत. काकू ब्लाऊज शिवत आणि हातशिलाईचं काम घेऊन मागच्या सीटवर बसत. गल्लीतून निघून, बाजारातून फिरून गाडी परत येईपर्यंत काकू हूक आणि काजं करत राहत. सुई बोटात गेली तर परीक्षा आठ दिवस पुढे. काकू जिभेच्या तिखट होत्या. "ह्यांना सांगा, अजून म्हशीवर बसायची सवय मोडली न्हाय," असा निकाल मी स्वतः ऐकलेला आहे. तो माझा नव्हता.

माझ्या परीक्षेच्या दिवशी गणपतीच्या देवळाजवळ एक शेळी आडवी आली आणि मी ब्रेक दाबला. आरशात दिसलं, काकूंनी अंगठ्याशेजारचं बोट तोंडात धरलं होतं. त्यांनी आरशातच माझ्याकडे पाहिलं. घरी पोचल्यावर तात्यांनी विचारलं, "टोचली?"

"न्हाय बा," काकू म्हणाल्या. "चांगली चालवली."

असं त्यांनी किती जणांच्या बाबतीत केलं, ते मला माहीत नाही. तात्यांना तर त्याहून नाही.

काकूंची हाडं पोकळ होत चालली आहेत, हे बऱ्याच उशिरा कळलं. आधी पाठ दुखत होती, मग शिवणयंत्र बंद झालं, मग एका दिवशी ताकाची कळशी उचलताना दोन मणके दबले. त्यानंतर त्या बसू शकत नव्हत्या. बिछान्यावर सरळ झोपून राहायचं, कुशीवर वळायचं तेही तात्यांनी धरून. तात्यांनी ड्रायव्हिंग स्कूल एका विद्यार्थ्याला चालवायला दिलं. स्वयंपाक शिकले. भाकरी त्यांना जमली नाही. पोळी जमली, पण काकूंच्या मते ती "नकाशावानी" होती.

काकूंचं माहेर इंदापूर तालुक्यातलं वरकुटे. तिथे त्यांचे थोरले भाऊ भानुदासआबा पेरूची बाग सांभाळत. आबांचे गुडघे गेलेले, त्यामुळे ते बारामतीला येऊ शकत नव्हते. भावाबहिणीचं बोलणं फोनवर चाले, आणि दोघांनाही कमी ऐकू येत असल्यामुळे ते सगळ्या गल्लीला कळे. एका संध्याकाळी फोन ठेवून काकू म्हणाल्या, "एकदा दादाला डोळ्यांनी बघायचं हाय. बाकी मला काय नको."

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अट घातली. सपाट झोपवून न्यायचं आणि गचका बसू द्यायचा नाही. डॉक्टरांना तात्यांची तीन नावं माहीत नव्हती. त्यांनी तो शब्द सहज वापरला. तात्यांनी मात्र तो जसाच्या तसा धरला.

सगळ्यांनी ॲम्ब्युलन्स सुचवली. मीही सुचवली. काकूंनी ती एका वाक्यात मोडीत काढली.

"ॲम्ब्युलन्समधनं माहेरात उतरू? दारात ती गाडी लागली की साऱ्या बाया रडायला येतील. मी जित्ती हाय का न्हाय, ते कोन बघतंय?"

तात्यांच्या जीपमध्ये बिछाना मावत नव्हता. टेम्पो रिकामा असला की त्याचा स्प्रिंगचा पाटा दगडासारखा आदळतो, हे तात्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मग त्यांनी ठरवलं की जीपच्या मागे एक ठेंगणा, हलका डबा जोडायचा. मागून रुंद दार, आत पलंग सरळ सरकवता येईल एवढी जागा, दोन्ही बाजूंना खिडक्या. हा डबा बबनने बनवला. बबनचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप; उसाच्या ट्रॉल्या बनवणं हा त्याचा मुख्य धंदा. डबा सहज झाला. अडलं ते जोडणीपाशी.

अशा मागच्या डब्यात माणूस बसवून न्यायला कायद्याची परवानगी नाही. हा नियम तात्यांनीच शेकडो लोकांना शिकवला होता. ते माझ्याकडे आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "पेपरवाले, मी एक नियम मोडनार हाय. कुनाला तरी सांगून मोडावा म्हनून तुमाला सांगतो. जायचं तवा तुमी गाडी घेऊन मागं ऱ्हावा. चारी इंडिकेटर लावून. दुसरा कुठला नियम मोडायचा न्हाय." मी हो म्हणालो. ते वळले आणि गेले.

बबनने पहिला हुक बसवला तो त्याच्याकडचा सगळ्यात भारी. आमच्याकडे कुठलीही वस्तू निवडताना दणकट ती चांगली असं धरून चालतात. ऊस ओढणाऱ्या मुलखात ते साहजिकही आहे. त्या हुकात जाड स्प्रिंग होती आणि ती दणका पिते असा बबनचा दावा होता. "तात्या, दोन ट्रॉल्या ऊस वढतंय हे. काकूंचं काय घेऊन बसला?"

हुक तपासायची पद्धत तात्यांनी स्वतः काढली. ते डब्यातल्या पलंगावर आडवे होत आणि बबन जीप चालवी. हातात सायकलची घंटा. गचका बसला की घंटा वाजवायची. पहिल्या दिवशी वर्कशॉपपासून कालव्याच्या पुलापर्यंत घंटा इतकी वाजली की रस्त्यावरच्या एका बाईने डब्याला हात जोडले. बबनने जीप थांबवली आणि मागे येऊन म्हणाला, "तात्या, आरती झाली असंल तर परसाद वाटू का?"

तात्या पलंगावरून उठले नाहीत. "स्प्रिंग हललीच न्हाय," ते म्हणाले. "तिला वाटतंय, मागं कुनीच न्हाय."

दोष नेमका तोच होता. दोन ट्रॉल्या उसासाठी केलेली स्प्रिंग एका हलक्या डब्याच्या ओढीने दबत नव्हती. ती लोखंडाच्या गजासारखी ताठ राहून प्रत्येक दणका पुढून मागे पोचवत होती. बबनला हे पटायला दोन दिवस लागले. दणकट हुक वाईट असू शकतो, हे त्याच्या धंद्याला धरून नव्हतं.

दुसरा हुक अगदी मऊ स्प्रिंगचा निघाला. त्याने गचका गेला, पण डबा पाळण्यासारखा मागेपुढे होऊ लागला. जीप थांबली तरी डबा थांबेना. तात्या पांढरेफटक होऊन खाली उतरले आणि वर्कशॉपच्या भिंतीला धरून उलटी करून आले. तोंड धुऊन म्हणाले, "ह्यापरास गचका बरा."

तेव्हा बबनने ठरवलं की स्प्रिंग नकोच. रबराच्या चकत्या एकावर एक बसवायच्या. रबर दबतं, पण झुलत नाही. चकत्या किती आणि किती कडक, हे मागच्या वजनावर ठरणार होतं. डबा आणि पलंग बबनला माहीत होते. त्याने काकूंचं वजन विचारलं.

तात्यांनी एक आकडा सांगितला. मग थांबले. तो आकडा जुना होता. काकू उभ्या राहू शकत नव्हत्या, त्यामुळे काट्यावर त्यांना बरेच दिवस कुणी घेतलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला काय मार्केट यार्डात न्यायचंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये होतो. बबनने तात्यांच्या आकड्याइतकी वाळू पोत्यात भरून ठेवली होती. तात्यांनी पोत्याखाली दोन्ही हात घातले, रोज चादर बदलताना काकूंना उचलत तसे. उचललं आणि खाली ठेवलं.

"कमी कर."

बबनने घमेल्याने वाळू काढली. तात्यांनी पुन्हा उचललं.

"कमी कर."

असं बऱ्याच वेळा झालं. शेवटी पोत्याचा वरचा भाग मोकळा होऊन एका बाजूला पडला, तेव्हा तात्या पोतं उचलून तसेच काही वेळ उभे राहिले.

"येवढी," ते म्हणाले.

"तात्या," बबन म्हणाला, "येवढीच?"

तात्यांनी पोतं हळूच पलंगावर ठेवलं.

पुढचे दिवस ते पोतं डब्यातून फिरलं. घंटेला दोरा बांधून बबनने ती पोत्यावर टांगली होती. तात्या जीप चालवत, बबन डब्याच्या खिडकीशी कान देऊन बाजूने चाले किंवा पळे. घंटा वाजली की चकती बदलायची, पिनेतली ढिलाई पातळ पत्रा घालून भरायची. वर्कशॉपमध्ये ट्रॉलीच्या दुरुस्तीला आलेले ट्रॅक्टरवाले खोळंबत. त्यातल्या एकाने विचारलं, "कुनाचं पोतं हाय एवढं लाडाचं?" बबनने त्याला हातातला पाना दाखवून गप्प केलं. एका दुपारी जीप कालव्याच्या पुलावर चढली, उतरली, वळून परत आली आणि घंटा वाजली नाही. तात्यांनी ती फेरी पुन्हा केली. मग जीप बंद करून ते बबनला म्हणाले, "झालं. आता ह्याला हात लावू नको."

आम्ही सकाळी निघालो. पुढे जीप, मागे डबा, त्यामागे माझी मोटार चारी इंडिकेटर लावून. काकूंनी जरीकाठाची साडी नेसून घेतली होती. शेजारच्या दोघींना त्यासाठी अर्धा तास लागला. सायकलची घंटा त्यांच्या हातात दिली होती. "दुखलं की वाजव," तात्या म्हणाले. "एकदा वाजली की मी गाडी मागं वळवनार. पुढं न्हाय न्यायचो."

"व्हय व्हय," काकू म्हणाल्या. "चला आता. ऊन चढतंय."

भवानीनगरपर्यंत गळिताच्या दिवसांतली वाहनं होती. उसाचे ट्रॅक्टर आमच्या पुढे, मागे, बाजूने. त्यांचं लोखंड वाजत होतं. डब्याचं वाजत नव्हतं. तात्या गाडी किती हळू उचलत होते ते मला माझ्या पायांत कळत होतं, कारण तसं चालवणं मला जमत नव्हतं. मोठा रस्ता सोडून आत वळल्यावर रस्ता बिघडला. खड्डा दिसला की जीप जवळजवळ थांबे, एक चाक उतरे, मग दुसरं. एका ओढ्याच्या उतारावर, जिथे डांबर वाहून गेलं होतं, डबा डाव्या अंगाला कलला आणि सावरला. जीप थांबली. तात्या मान वळवून ऐकत राहिले. घंटा वाजली नाही. जीप निघाली.

वरकुट्यात आबांच्या वस्तीवर सगळं घर दारात होतं. लोणी देवकरला कंपनीत जाणाऱ्या पुतण्याने सुट्टी घेतली होती. त्याने आणि इतर तिघांनी पलंग डब्यातून काढून अंगणात जांभळाखाली ठेवला. आबा काठी टेकत आले आणि पलंगाच्या कडेला बसले.

"शालू, लई वाळलीस की गं."

"तू कुठं पैलवान ऱ्हायलाय?" काकू म्हणाल्या.

आबांनी पेरू कापून त्यातल्या बिया काढायला घेतल्या आणि एकेक फोड बहिणीच्या तोंडात घालू लागले. तात्या जीपजवळ उभे होते. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी त्यांच्या कुठल्याही विद्यार्थ्याला लायसन्स मिळाल्यावर पाहिलेलं नव्हतं.

जेवणं झाली. ऊन उतरायला लागलं तसे तात्या पलंगापाशी आले. "शालन, निघूया. अंधाराच्या आत घरी."

काकूंनी त्यांचा हात धरला. "मी न्हाय येत."

"आठ दिवस ऱ्हा की. मी न्यायला येतो."

"तसं न्हाय. मी हितंच ऱ्हाते."

तात्यांना ते कळलं नाही. त्यांनी बिछान्याच्या बाजूची घंटा उचलली, काकूंना दाखवली. "येकदाबी वाजली न्हाय. जसं आलो तसंच जाऊ. गचका न्हाय बसला तुला."

"चार ठिकानी बसला," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज साधा होता. "ओढ्यापाशी तर डोळ्यापुढं अंधारी आली. वाजवली असती तर तुमी गाडी मागं वळवली असती. मला यायचं होतं."

तात्या घंटेकडे बघत राहिले.

"तुमची चूक न्हाय त्यात," काकू म्हणाल्या. "हाडंच तशी हायती. पर परत जायचा दम न्हाय अंगात. तुमी बारामतीचं घर आवरा आन हिकडंच या. दादाच्या घरात जागा हाय."

मी तिथून उठून विहिरीकडे गेलो. परत आलो तेव्हा तात्या पलंगाच्या पायथ्याशी, जमिनीवर बसले होते आणि काकू त्यांना सांगत होत्या की शिवणयंत्र कुणाला द्यायचं, फडताळातल्या कुठल्या डब्यात साखर आहे आणि कुठल्यात मीठ, कारण स्वयंपाक शिकूनही त्यांची ती गल्लत अजून होत असे. तात्या प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. पुढे महिन्याच्या आत त्यांनी बारामती सोडली. काकू त्यानंतर पेरूचे दोन बहार पाहून गेल्या. तात्या वरकुट्यातच राहिले. तिथे गाडी शिकायला कुणी आलं तर त्याला ते नाही म्हणत, असं आबांच्या पुतण्याने मला फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच मी कामासाठी बाहेरगावी गेलो आणि परतलो तेव्हा त्यांचं घर रिकामं झालं होतं. म्हणजे त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच संध्याकाळी, वरकुट्याहून परतताना.

निघायच्या वेळी आबांच्या लक्षात आलं की पलंग आणि गादी उतरल्यामुळे डबा अगदी हलका झाला आहे. ते म्हणाले, "दाजी, रिकामा डबा लई आदळंल. पेरूचे चार क्रेट टाकतो मागं. वजन होईल."

"नको," तात्या म्हणाले. "रिकामाच जाऊ द्या."

आबांनी आग्रह केला नाही. तात्या जीपमध्ये बसले, आरसा नीट केला, सीटबेल्ट लावला.

मी पुन्हा मागेच होतो. वस्तीच्या बाहेर पडलो तेव्हापासून तो आवाज सुरू झाला. एका ठरावीक वजनासाठी घातलेलं रबर रिकाम्या डब्याला दबत नव्हतं. प्रत्येक खड्ड्यावर डबा उडत होता आणि खाडकन खाली बसत होता. तात्या वेग कमी करत नव्हते. त्यांच्याकडे शिकलेल्या कुणालाही ती गाडी त्यांची वाटली नसती.

मोठ्या रस्त्याला लागण्यापूर्वी शाळेजवळ गतिरोधक आहे. मी ब्रेकवर पाय ठेवला. जीप न थांबता त्यावरून गेली, डबा जमिनीपासून सुटला आणि असा आपटला की शाळेच्या कट्ट्यावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. तात्यांनी मागे पाहिलं नाही. पुढे वळण होतं. रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. जीपचा डावा इंडिकेटर लागला, काही वेळ उघडझाप करत राहिला, आणि मग जीप आणि डबा उसाच्या आड गेले.